मातृवृक्षाची साक्ष

धान्य, कापड किंवा तांब्यापितळेची भांडी विकणाऱ्याला आपला माल गिऱ्हाइकापुढे मांडून त्याची पारख तेथल्या तेथे करून देता येते. परंतु रोपांचा व्यापार हा असा एक विलक्षण व्यवसाय आहे, की ज्यात विकलेल्या वस्तूचे खरे स्वरूप विक्रीनंतर पाच-सात वर्षांनी प्रकट होते. हातभर उंचीचे, चार तांबूस पानांचे आंब्याचे कलम हापूसचे आहे की पायरीचे, त्याची डोळाकाडी भरघोस फळणाऱ्या झाडावरून घेतली की वांझोट्या फांदीवरून, हे सामान्य गिऱ्हाइकाला विक्रेत्याच्या शब्दावाचून दुसऱ्या कशावरूनही ओळखता येत नाही. म्हणून रोपवाटिकेचा इतिहास हा मुख्यतः त्या शब्दाला प्रामाण्य कसे आले याचा इतिहास आहे. गावाच्या वेशीजवळ गुंठाभर जागेत हिरवी जाळी बांधून बसलेला रोपवाला जेव्हा ‘हे आता लावू नका, मृग बरसू द्या’ असे सांगतो, तेव्हा त्या एका वाक्यामागे ग्रंथकारांची, माळ्यांची, राजेरजवाड्यांच्या बागांची आणि सरकारी प्रयोगक्षेत्रांची दीर्घ परंपरा उभी असते. त्या परंपरेचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

ऋतू पाहून झाड लावावे हा विचार आपल्याकडे फार प्राचीन आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने रचलेल्या ‘बृहत्संहिते’त वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय असून, त्यात रोपणाचे कालमान झाडाच्या अवस्थेवरून ठरविलेले आहे: ज्यांना अद्याप फांद्या फुटलेल्या नाहीत ती शिशिरात, ज्यांना फांद्या फुटल्या आहेत ती हेमंतात आणि ज्यांचा बुंधा चांगला भरलेला आहे ती वर्षाकाळाच्या आरंभी हलवावीत. लागवडीपूर्वी जमिनीत तीळ पेरून ते फुलोऱ्यावर येताच तेथेच तुडवावेत, म्हणजे आजच्या भाषेत हिरवळीचे खत करावे. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड आणि पावसाळ्यात माती सुकेल तेव्हाच पाणी द्यावे, असे नियमही त्यात आहेत. दोन झाडांमधील अंतर वीस हात असणे उत्तम, सोळा हात मध्यम आणि बारा हात कनिष्ठ, कारण दाटीने लावलेल्या झाडांची मुळे एकमेकांत गुंतली की ती नीट फळत नाहीत. वीस हात म्हणजे सुमारे तीस फूट. आणि आज कोकणात हापूसच्या कलमांसाठी दहा मीटर अंतराची शिफारस केली जाते, ती त्याहून फारशी वेगळी नाही. फांदी शेणाने लिंपून तिच्यापासून रोप करण्याची आणि एका झाडाच्या मुळावर वा बुंध्यावर दुसऱ्याची फांदी बसविण्याची कृतीही त्याच अध्यायात आली असून, फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग यांची नावे त्या संदर्भात घेतलेली आहेत.

तथापि ग्रंथात विद्या असणे आणि ती मुलुखाच्या बागायतीत रुळणे या दोन भिन्न गोष्टी होत. आंबा आपल्याकडे शतकानुशतके कोयीपासूनच वाढत आला, आणि आपल्या आंब्याच्या बहुतेक जातींचा धर्म असा की कोयीतून उगवलेले झाड आपल्या मातेशी एकनिष्ठ राहत नाही. उत्तम फळाची कोय लावावी आणि पंधरा वर्षांनी आंबट, दोराळ फळ हाती यावे, हा अनुभव घरोघरी येई. म्हणूनच रायवळ आंब्याच्या बागेत प्रत्येक झाडाला स्वतःचे नाव असे: कोणी शेपू, कोणी गोटी, कोणी शेंद्री, कारण प्रत्येक झाड ही स्वतंत्र जात होती आणि त्या झाडाबरोबर ती जात नाहीशी होत असे. विशिष्ट फळाला वंशसातत्य देण्याची सोय कलमाने झाली, आणि पश्चिम किनाऱ्यावर या कलेचा व्यापक प्रसार होण्याचे श्रेय सोळाव्या शतकापासून गोव्यात वसलेल्या पोर्तुगीजांना, विशेषतः तेथील जेझुइट धर्मगुरूंना दिले जाते. आफोन्सो द आल्बुकर्क याच्या नावावरून ओळखला जाणारा आणि आपल्या जिभेवर ‘हापूस’ झालेला आंबा, त्याचप्रमाणे पायरी, मानकुराद, मुसराद, फर्नांदीन या जाती त्या कलमविद्येच्या आश्रयाने टिकल्या. भेट कलम ही त्यांची रीत: मातृवृक्षाच्या फांदीजवळ मचाण बांधून त्यावर कुंडीतले रायवळ रोप ठेवावयाचे, दोहोंची साल थोडी तासून त्या जखमा एकमेकींशी जुळवून घट्ट बांधावयाच्या, आणि दोन-तीन महिन्यांनी सांधा एकजीव झाला की मातेकडील फांदी सावकाश, टप्प्याटप्प्याने कापावयाची. या रीतीत एक थोर गुण होता. कलम तयार होईपर्यंत रोपाला मातृवृक्षाच्या अंगाखांद्यावरच राहावे लागे. त्यामुळे कलम कोणत्या झाडाचे, याविषयी शंकेला जागाच उरत नसे.

मराठेशाहीत झाडाचे मोल किती जाणले जात होते याची साक्ष रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आहे. आरमाराच्या लाकडासाठीसुद्धा रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, असा त्यातील आशय आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभीच्या या राजनीतिग्रंथात झाडाच्या वयाला राज्यकर्त्याच्या गरजेहून अधिक मान मिळावा, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे पेशवाईत पुण्याच्या परिसरात पर्वतीच्या पायथ्याचा सारसबाग, हिराबाग यांसारख्या बागा उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आश्रयाने माळी समाजातील अनेक कुटुंबे नावारूपास आली. त्यांतले सर्वपरिचित उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे आहे. मूळचे गोऱ्हे असलेल्या या साताऱ्याकडील कुटुंबाने पुण्यास येऊन पेशव्यांच्या दरबाराला फुले, हार, गजरे आणि फुलांच्या गाद्या पुरविल्या, त्याबद्दल त्यांना पस्तीस एकर जमीन इनाम मिळाली आणि व्यवसायावरून आडनावही पालटले. दरबाराला बारमाही फुले पुरविणे हे ऋतुज्ञानावाचून अशक्य काम होते: दसऱ्याचा झेंडू, थंडीतली शेवंती, उन्हाळ्यातला मोगरा आणि श्रावणातली जाईजुई यांची तजवीज तीन-तीन महिने आधी करावी लागे. पंचांग आणि वाफा यांची सांगड घालण्याचे हे शास्त्र माळ्यांच्या घरांत पित्याकडून पुत्राकडे आणि, फुले खुडणाऱ्या व वेचणाऱ्या स्त्रियांच्या द्वारा, सासूकडून सुनेकडे जात राहिले. कागदावर न उतरल्यामुळे त्याची किंमत पुढील काळात पुष्कळदा विसरली गेली.

पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांनी, १८२८ साली, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत पुण्याजवळ दापोडी येथे मुंबई इलाख्याचा वनस्पतिबाग स्थापन झाला. इंग्रजांचा हेतू अर्थातच निर्मळ विद्याप्रेमाचा नव्हता. कोणती औषधी, कोणता कापूस, कोणते इमारती लाकूड या मुलुखात वाढेल आणि त्यापासून सरकारला काय लाभ होईल, हा त्यांचा मुख्य प्रश्न होता. परंतु त्या हेतूपोटी का होईना, परदेशांतील आणि हिंदुस्थानच्या अन्य प्रांतांतील झाडे आणून ती दख्खनच्या हवेत रुळतात की नाही, हे पद्धतशीरपणे पाहिले जाऊ लागले. १८३८ पासून या बागेची सूत्रे डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. जुन्नरजवळ हिवरे येथेही त्यांनी औषधी वनस्पतींची लागवड चालविली, आणि १८४७ मध्ये ते इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. दापोडीच्या बागेतील झाडांची एका हिंदी-पोर्तुगीज चित्रकाराने त्या सुमारास काढलेली रंगीत चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जतन केलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र इतिहासाने राखले नाही; आणि त्या झाडांना पाणी घालणाऱ्या, वाफे राखणाऱ्या, रोपे उपटून हलविणाऱ्या माळ्यांचीही नावे कोणत्या दफ्तरात सापडत नाहीत.

दापोडीचा वारसा १८७३ मध्ये स्थापन झालेल्या गणेशखिंडीच्या बागेकडे आला, आणि महाराष्ट्रातील रोपवाटिकांच्या दृष्टीने हा बाग सर्वांत फलदायी ठरला. तेथील अधीक्षक जी. मार्शल वुड्रो यांनी हिंदुस्थानातील बागकामावर लिहिलेले पुस्तक पुष्कळ काळ हौशी बागवानांच्या हाती होते. पुढे डॉ. जी. एस. चीमा यांनी तेथे निवडपद्धतीने जे काम केले त्याची फळे आपण आजही अक्षरशः खात आहोत: १९२७ मध्ये अलाहाबाद सफेदा पेरूच्या रोपांतून त्यांनी निवडलेला ‘लखनौ-४९’ पुढे ‘सरदार’ या नावाने देशभर पसरला, आणि १९३६ मध्ये आळंदीच्या डाळिंबातून निवडलेल्या ‘जी. बी. जी.-१’ या मऊ बियांच्या जातीला १९७० साली ‘गणेश’ हे नाव मिळाले. आज निर्यातीस जाणाऱ्या ‘भगवा’ डाळिंबाच्या वंशावळीत एका बाजूस हाच ‘गणेश’ आहे. शेकडो रोपे लावावीत, वर्षानुवर्षे त्यांची नोंद ठेवावी, त्यांतले एकच उत्तम म्हणून निवडावे आणि त्या एका झाडाच्या फांद्यांपासून लक्षावधी झाडे व्हावीत, ही निवडीची तपश्चर्या सरकारी बागेलाच परवडण्यासारखी होती. रोपवाटिकेच्या शब्दाला आता नोंदवहीचा आधार मिळाला. १९२१ मध्ये मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातर्फे बर्न्स आणि प्रयाग यांचे आंब्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा माळ्यांच्या तोंडी असलेली जातींची नावे आणि कलमांच्या रीती व्यवस्थित छापील रूपात आल्या.

बाग सरकारी होता. परंतु रोपे लोकांच्या दारापर्यंत नेली ती खासगी रोपवाटिकांनी, आणि त्यांना जन्म दिला तो पाण्याने. खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झाले, मुठेचा उजवा कालवा पूर्वेकडे हडपसर, मांजरी, लोणी या गावांच्या शिवारांतून वाहू लागला, आणि जिरायत माळांवर बागायतीचा उदय झाला. महात्मा फुल्यांनी स्वतः मांजरीस शेती करून कालव्याचे पाणी वापरण्याचा धडा घालून दिला. इनामाच्या फुलांवर वाढलेल्या घराण्याचा पुरुष पाटाच्या पाण्यावर आधुनिक बागायत करीत होता, हा योग त्या संक्रमणाचे सारच सांगून जातो. कालांतराने याच पुणे-सोलापूर मार्गावर मांजरीपासून सोरतापवाडी, उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिकांची ओळ लागली, ती आज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात रोपे पाठविते. विदर्भात हेच स्थान वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाटाने मिळविले. नागपुरी संत्र्याचे डोळे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरण्याचे कसब तेथील घराघरांत आहे. आणि डोळा जमिनीपासून वीतभर उंचीच्या वर भरावा, म्हणजे ओल्या मातीचा स्पर्श सांध्याला होऊन डिंक्या रोग लागत नाही, हा नियम तेथील पोरसवदा मजूरही जाणतो.

आता या साऱ्या परंपरेचा जो निष्कर्ष रोपवाल्याच्या तोंडून सल्ल्याच्या रूपाने बाहेर पडतो, त्याकडे वळू. रोपवाटिकेचे वर्ष लौकिक पंचांगाप्रमाणे चैत्रात सुरू होत नाही. ते वैशाखात, खड्ड्यांपासून सुरू होते. आंब्यासाठी मीटरभर लांब, रुंद व खोल, तर पेरू-डाळिंबासाठी त्याहून लहान खड्डा खणून तो उन्हात तापत ठेवावा, म्हणजे मातीतील किडी व बुरशी मरते. मग पालापाचोळा, कुजलेले शेणखत आणि पोयटा यांनी तो भरून एखादी सर त्यावर पडू द्यावी. खड्डा भरल्याबरोबर रोप लावले, तर पहिल्या जोराच्या पावसात माती खचते आणि कलमाचा सांधा जमिनीखाली जातो; सांधा गाडला गेला की आंबा कुजण्याचे भय, म्हणून रोपवाला घाई करू देत नाही. मृग नक्षत्र लागते जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी. परंतु नक्षत्र लागले म्हणजे पाऊस आला असे नव्हे, आणि वीतभर ओल खोल गेल्याखेरीज लागवड करू नये, हा सल्ला दुष्काळी मुलुखातल्या रोपवाल्यांनी स्वानुभवाने घडविलेला आहे. लावल्यावर काठीचा आधार द्यावा, खुंटाला सांध्याखाली फुटणारे धुमारे दिसताच खुडावेत (नाहीतर हापूसच्या जागी काही वर्षांत रायवळच डोलू लागतो), सांध्यावरची पट्टी रुतण्यापूर्वी सोडावी, आणि पहिली तीन वर्षे मोहोर आला तरी तो काढून टाकावा. शेवटचा सल्ला पाळणे फार थोड्यांना जमते; पण झाडाने आधी आपला देह घडवावा आणि मग अपत्यभार वाहावा, हेच त्याच्या हिताचे आहे.

आषाढ-श्रावणात हवेतला दमटपणा पराकोटीला जातो, आणि रोपवाटिकेत कलमे बांधण्याचा हंगाम भरात येतो. कोकणात या दिवसांत कोय कलमे होतात: नुकत्याच रुजलेल्या कोयीचा पंधरवड्याच्या आतला, अजून तांबूस व लुसलुशीत असा कोंब छाटून त्यात मातृवृक्षाच्या तितक्याच जाडीच्या काडीची पाचर बसवितात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ साली झाली, या पद्धतीचा पुष्कळ प्रसार केला. तिच्यामुळे भेट कलमाचे मचाण गेले आणि थोड्या जागेत हजारो कलमे होऊ लागली. याच ओलाव्यात डाळिंबाची व लिंबाची गुटी धरते, जास्वंद-अनंताच्या काड्या मुळे सोडतात. आषाढात गादीवाफ्यावर टाकलेले झेंडूचे बी पंचवीसएक दिवसांत लावणीजोगे होते आणि दसऱ्याच्या तोरणाला फुले पुरविते. जे गिऱ्हाईक भाद्रपदात येऊन दसऱ्यासाठी झेंडूची रोपे मागते, त्याला प्रामाणिक रोपवाला कुंडीतले फुललेले झाड देईल, पण शेतात लावण्यास रोपे देणार नाही. हस्ताचा पाऊस ओसरला की गुलाबाच्या छाटणीची वेळ येते. छाटलेल्या फांद्यांना महिना-दीड महिन्यात कळ्या धरतात, आणि कार्तिकापासून माघापर्यंतच्या थंडीत रानगुलाबाच्या खुंटावर नव्या जातींचे डोळे भरता येतात, कारण तेव्हा साल सुटते पण रस उन्हाने आटत नाही. कांद्याचे रोप, कोबी-फ्लॉवरचे वाफे, अ‍ॅस्टरचे ताटवे याच दिवसांतले. फाल्गुनात शेवंतीचा बहर संपला की बुंध्याभोवतीचे फुटवे जपावे लागतात, कारण पुढील वर्षाची शेवंती त्यांतूनच यावयाची. आणि चैत्र-वैशाखात नव्या लागवडीचा विचार सोडून, लावलेली रोपे पश्चिमेकडून गवताचा आडोसा करून, मुळाशी पाझरते मडके पुरून वाचविणे, आणि वैशाखात पुढच्या हंगामाचे खड्डे खणणे, एवढेच काम उरते. झाड लावण्याचा प्रत्येक मुहूर्त हा अशा रीतीने साल, रस, ओल आणि ऊन यांच्या हिशेबाने निघालेला आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात या व्यवसायाची व्याप्ती वाढली तशी फसवणुकीची संधीही वाढली. म्हणून १९६९ साली राज्याने फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा केला आणि परवाना घेणे, खुंट व काडी कोठून आणली याची नोंद ठेवणे, या गोष्टी रोपवाटिकाधारकावर बंधनकारक झाल्या. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घातली गेली. अनुदानामुळे माळरानांवर आंबा, काजू, डाळिंब, बोर, सीताफळ यांच्या बागा उभ्या राहिल्या आणि कलमांना एवढी मागणी आली की गावोगाव रोपवाटिका निघाल्या. त्या वाढीने कोकणचे डोंगर हिरवे झाले हे खरे. पण मागणीच्या लोंढ्यात काडी कोणत्या झाडाची हे विचारण्यास सवड राहिली नाही आणि कितीएक शेतकऱ्यांना आपल्या बागेत तीन जातींचे मिश्रण वाढत असल्याचे पहिल्या फळाच्या वेळी कळले. एका पिकात फसलेला शेतकरी पुढच्या हंगामात सावरतो. फळबागेत फसलेला मनुष्य आयुष्याचे एक तप गमावतो. कायद्याने नोंदवही सक्तीची करता येते. तिच्यातला शब्द खरा असावा, ही सक्ती मात्र व्यवसायाच्या नीतीलाच करावी लागते.

लहान रोपवाटिकेचे महत्त्व मला येथेच वाटते. मोठ्या रोपवाटिकेत रोपांची संख्या अफाट असते, भाव कमी असतो, निवडही पुष्कळ मिळते. परंतु गावच्या रोपवाल्याला आपण विकलेले झाड रोज येता-जाता दिसते, त्याचे गिऱ्हाईक त्याच्या पंचक्रोशीत राहते, आणि त्याने सांगितलेला मुहूर्त त्याच मातीत, त्याच पावसात पारखलेला असतो. दहा कोसांवर जमीन बदलते, पाऊस बदलतो. पुस्तकातला सर्वसाधारण नियम त्या त्या शिवाराला लागू करून सांगण्याचे काम अशा माणसावाचून दुसरा कोणी करू शकत नाही. त्याचा हा सल्ला पावतीवर लिहिलेला नसतो आणि त्याचे मोलही वेगळे घेतले जात नाही. तरीही रोपापेक्षा तोच अधिक मौल्यवान आहे. तेव्हा रोप घ्यावयास जाणाऱ्याने भाव विचारण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत: याचा मातृवृक्ष कोठे आहे, आणि हे आमच्या जमिनीत केव्हा लावू? ज्या रोपवाटिकेत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे न अडखळता मिळतात, आणि प्रसंगी ‘आज नेऊ नका’ असे सांगून हातचे गिऱ्हाईक परत पाठविले जाते, तेथे वराहमिहिराच्या अध्यायापासून गणेशखिंडीच्या नोंदवहीपर्यंतची परंपरा जिवंत आहे असे खुशाल समजावे, आणि अशा जागा आपल्या गावात टिकतील एवढा आश्रय त्यांना देणे हे आपले कर्तव्य मानावे.